बंदिवानांचा बंधू : संत व्हिन्सेंट द पॉल

विद्यार्थिमित्रहो, इतिहासाच्या पुस्तकांत आपण राजांची आणि सेनापतींची नावे वाचतो. परंतु त्यांची जहाजे कोणी वल्हविली, हे त्या पुस्तकांत क्वचितच लिहिलेले असते. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजाचे भूमध्य समुद्रावरील आरमार गॅली नावाच्या लांबट व ठेंगण्या युद्धनौकांचे होते. तिला शिडे असत. पण लढाईच्या प्रसंगी ती वल्ह्यांच्या बळावरच चाले. एकेक वल्हे एवढे अजस्र असे की ते ओढण्यास पाच पाच माणसे लागत. ही माणसे स्वखुशीने आलेली नसत. चोर, मिठाची चोरटी ने-आण करणारे, सैन्यातून पळालेले शिपाई, निराधार भटके अशा शिक्षा झालेल्या लोकांना तेथे बाकाशी साखळदंडाने जखडून ठेवीत. त्याच बाकावर ते वल्हवीत, तेथेच खात आणि तेथेच झोपत. मंदावलेल्या हाताची आठवण मुकादमाचा चाबूक करून देई. त्यांच्याच जोडीला बाजारात विकत घेतलेले मुसलमान गुलामही असत. अशा माणसांना माणूस म्हणून ओळखणारा एक धर्मगुरू त्या काळी होऊन गेला. त्याचे नाव व्हिन्सेंट द पॉल.

व्हिन्सेंटचा जन्म इ. स. १५८१ च्या सुमारास, फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, दाक्स शहराजवळील पुई नावाच्या खेड्यात झाला. वडील जां द पॉल हे सामान्य शेतकरी, आई बेर्त्रांद. सहा भावंडांत व्हिन्सेंट तिसरा. लहानपणी तो गुरे-मेंढरे राखी. मुलगा बुद्धिमान आहे हे पाहून वडिलांनी त्याला दाक्स येथे फ्रान्सिस्कन साधूंच्या शाळेत घातले आणि पुढे त्याच्या उच्च शिक्षणासाठी आपली बैलजोडी विकली. ज्या घरात बैल म्हणजे घरचे माणूस, त्या घराने केलेला हा त्याग केवढा होता, हे आपल्याकडील शेतकऱ्यांच्या मुलांना वेगळे सांगावयास नको.

परंतु ह्या त्यागाची किंमत त्या मुलाला तेव्हा कळली नव्हती. एकदा वडील त्याला भेटावयास शाळेत आले. ते थोडे लंगडत. अंगावर जाडेभरडे कपडे. शिकलेल्या सोबत्यांसमोर अशा बापाशी बोलण्याची मुलाला लाज वाटली आणि तो त्यांना भेटावयास गेलाच नाही. पुढे सारे पॅरिस शहर ज्यांच्यापुढे आदराने मान लववू लागले, त्या वृद्ध व्हिन्सेंट यांनी ही गोष्ट आपल्या तोंडाने चारचौघांत सांगितली. दरिद्री माणसाची लाज वाटणे म्हणजे काय, हे त्यांना आपल्याच अंतःकरणात सापडले होते. म्हणूनच त्या लाजेची मुळे ते आयुष्यभर उपटीत राहिले.

इ. स. १६०० मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, व्हिन्सेंट यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. धर्माच्या नियमाप्रमाणे हे वय कमीच होते. तरुण व्हिन्सेंटसमोर त्या वेळी सेवेचा आदर्श नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चांगल्या उत्पन्नाची एखादी जागा मिळवावी आणि घरच्यांना सुखात ठेवावे, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती. इ. स. १६०५ मध्ये समुद्रप्रवासात चाच्यांनी त्यांना पकडले व ट्यूनिसच्या बाजारात गुलाम म्हणून विकले. सुमारे दोन वर्षांनी ते निसटून फ्रान्सला परतले, अशी हकीकत त्यांच्याच दोन पत्रांत आहे. ही हकीकत कितपत खरी, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र उतारवयात ती पत्रे परत मिळवून नष्ट करण्याची त्यांनी पराकाष्ठा केली आणि गुलामगिरीचा हा अनुभव त्यांनी कधीही मिरविला नाही, एवढे निश्चित.

इ. स. १६०८ च्या सुमारास ते पॅरिसला आले. तेथे एका न्यायाधीशाच्या बिऱ्हाडात ते राहत असता त्या गृहस्थाचे पैसे चोरीस गेले आणि आळ व्हिन्सेंटवर आला. न्यायाधीशाने त्यांना घराबाहेर काढले आणि परिचितांमध्ये त्यांची बदनामी केली. व्हिन्सेंट यांनी आपण निरपराध आहो एवढे सांगितले आणि पुढे मौन पाळले. खरा चोर पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या प्रकरणात पकडला गेला व त्याने आपला अपराध कबूल केला. गुन्हेगार म्हणून जगाने बोट दाखविले म्हणजे माणसाच्या जिवाला काय वाटते, याचा धडा व्हिन्सेंट यांना असा मिळाला होता. तुरुंगाचा दरवाजा ओलांडण्यापूर्वीच त्यांनी त्याची सावली अंगावर घेतली होती.

इ. स. १६१३ मध्ये गोंदी नावाच्या एका बड्या सरदार घराण्यात मुलांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. फिलिप एमान्युएल द गोंदी हे फ्रान्सच्या गॅलींच्या आरमाराचे सरसेनापती. त्या वाड्यात सुखाची कमतरता नव्हती; पण त्यांच्या जहागिरीतील खेड्यापाड्यांतून हिंडताना व्हिन्सेंट यांना शेतकऱ्यांचे शारीरिक व आत्मिक दारिद्र्य दिसले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. इ. स. १६१७ मध्ये काही महिने ते शातियों या गावी धर्मगुरू होते. तेथे एका कुटुंबातील सर्व माणसे आजारी पडली आहेत असे त्यांनी प्रवचनात सांगताच सारे गाव अन्न घेऊन त्या घराकडे लोटले. एका दिवशी अन्नाचा ढीग झाला. पण ते नासून गेल्यावर उद्याचे काय? दयेची वाण नाही, वाण आहे ती व्यवस्थेची, हे व्हिन्सेंट यांनी ओळखले. गावातील स्त्रियांची त्यांनी एक मंडळी स्थापिली, तिला लेखी नियम करून दिले आणि पाळीपाळीने रुग्णांच्या घरी अन्न व औषध पोहोचविण्याची व्यवस्था लावून दिली. कळवळा हा क्षणाचा असतो, सेवा रोजची असते. हे त्यांच्या साऱ्या कार्याचे सूत्र होय.

गोंदी यांच्या अधिकाराखाली येणाऱ्या कैद्यांकडे त्यांचे लक्ष ह्याच सुमारास वळले. गॅलीची शिक्षा झालेल्या लोकांना दक्षिणेकडे रवाना करण्यापूर्वी पॅरिसमधील कोंसिएर्जरी व अन्य तुरुंगांच्या तळघरांत कोंडून ठेवीत. ओल, काळोख, किडे आणि बेड्या; आजाऱ्याला ना वैद्य, ना स्वच्छ पाणी. पुरेशी माणसे जमली म्हणजे त्यांच्या गळ्यांत साखळी ओवून त्यांना मार्सेयपर्यंत शेकडो मैल पायी नेण्यात येई. व्हिन्सेंट त्या तळघरांत उतरले आणि वर येऊन थेट सरसेनापतींकडे गेले. ही माणसे आपल्या ताब्यात आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी देवापुढे जाब आपणासच द्यावा लागेल, अशा आशयाचे निवेदन त्यांनी केले. सरसेनापतींच्या अनुमतीने पॅरिसच्या एका उपनगरात घर भाड्याने घेण्यात आले व कैद्यांना तेथे हलविण्यात आले. पुढे इ. स. १६३२ मध्ये सेन नदीकाठच्या तूर्नेल नावाच्या बुरुजात त्यांच्यासाठी बरी जागा मिळाली.

इ. स. १६१९ च्या फेब्रुवारीत राजा तेरावा लुई याने व्हिन्सेंट यांना सर्व गॅलींचे मुख्य धर्मगुरू नेमले. हे पद मानाचे होते. पॅरिसमध्ये बसून वेतन घेतले असते तरी कोणी विचारले नसते. व्हिन्सेंट मात्र बंदरांतून गेले, नौकांवर चढले, बाकाबाकांशी थांबून त्या लोकांचे ऐकू लागले. त्यांनी त्यांच्या बेड्यांचे चुंबन घेतले, असे त्यांच्या पहिल्या चरित्रकाराने नमूद केले आहे. एका कैद्याला सोडवून त्याच्या जागी ते स्वतः साखळीत बसले, अशीही एक कथा प्रचलित आहे. ती आख्यायिका असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तिच्यावाचून त्यांच्या थोरवीला उणेपणाही येत नाही. ज्याच्या पाठीवर वळ आहेत आणि पोटात भूक आहे त्याला उपदेश ऐकू येत नाही, हे त्यांनी जाणले होते. म्हणून आधी मुकादमांना मारहाण आवरण्याची विनंती, मग अन्न, मग जखमांवर मलमपट्टी आणि त्यानंतर देवाचे नाव, असा त्यांचा क्रम असे. मार्सेय येथे आजारी कैद्यांसाठी रुग्णालय व्हावे ही त्यांची तळमळ होती. पूर्वी आजारी कैदीही साखळीतच मरत. दुशेस द एग्वियों ह्या दानशूर स्त्रीच्या व मार्सेयमधील धर्मिष्ठ मंडळींच्या साहाय्याने इ. स. १६४० नंतरच्या दशकात ते रुग्णालय उभे राहिले.

एकट्या माणसाने हे ओझे पेलणे शक्य नव्हते. इ. स. १६२५ मध्ये त्यांनी मिशन संघाची स्थापना केली. पॅरिसच्या सेंट लाझार मठात त्याचे मुख्य ठाणे झाल्यामुळे त्याच्या सभासदांना लाझारिस्ट म्हणू लागले. इ. स. १६३३ मध्ये लुईज द मारियाक या विदुषी व कर्तबगार विधवेच्या सहकार्याने त्यांनी सेवाभगिनींचा संघ स्थापिला. तोवर धर्मभगिनी म्हटली म्हणजे ती मठाच्या भिंतीआड राहावयाची. ह्या भगिनी मात्र रस्त्यांवरून, रुग्णालयांतून व तुरुंगांतून हिंडू लागल्या. त्यांतील बहुतेक खेड्यांतील साध्या मुली. इ. स. १६४० पासून त्यांनी पॅरिसमधील गॅली-कैद्यांची सेवा हाती घेतली. बार्ब आंजीबूस्त ही त्यांच्यातील एक. ती जेवण घेऊन गेली म्हणजे संतापलेले कैदी कधी कधी ते मातीत भिरकावून देत व तिला शिव्या घालीत. ती मुकाट्याने ते उचली, धुऊन पुसून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवी आणि चेहऱ्यावरची प्रसन्नता ढळू देत नसे. रक्षक त्या कैद्यांना मारू लागले की मध्ये पडणारीही तीच असे. इ. स. १६५८ मध्ये ती वारल्यावर व्हिन्सेंट यांनी इतर भगिनींपुढे तिच्या ह्या वागणुकीचा मोठा गौरव केला.

येथवर आपण बंदिवानाच्या प्रतिष्ठेविषयी पाहिले. आता दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न येतो. ज्याचा धर्म आपल्यापेक्षा वेगळा, त्याच्याशी कसे वागावे? व्हिन्सेंट यांच्या काळात फ्रान्समधील कॅथोलिक व ह्यूगेनो नावाने ओळखले जाणारे प्रोटेस्टंट यांच्यात रक्ताचे पाट वाहून गेले होते. इ. स. १६२० च्या सुमारास मोंमिराय येथे एका ह्यूगेनो गृहस्थाने त्यांना आव्हान दिले. शहरांत पाद्र्यांची गर्दी आहे आणि खेड्यांतील गरीब माणसे अज्ञानात मरत आहेत. अशा धर्मसंस्थेला देवाचे पाठबळ आहे असे कसे मानावे, असा त्याचा प्रश्न होता. व्हिन्सेंट यांनी वाद घालण्यापेक्षा खेड्यांत जाऊन काम केले. दुसऱ्या वर्षी ते काम डोळ्यांनी पाहून त्या गृहस्थाचे मन आपोआप पालटले. पुढे प्रोटेस्टंटांची वस्ती मोठी असलेल्या सेदां शहरी आपले सहकारी पाठविताना, प्रवचनात वादविवाद करू नयेत, नम्रतेने वागावे, अशी शिकवण त्यांनी दिली.

इ. स. १६४५ मध्ये ट्यूनिस व १६४६ मध्ये अल्जियर्स येथे त्यांनी आपले सहकारी धाडले. तेथे हजारो ख्रिस्ती माणसे गुलामीत खितपत पडली होती. त्यांना धीर द्यावा, रोग्यांची शुश्रूषा करावी, पैसे जमवून शक्य तितक्यांना सोडवावे, हे कार्य होते. एकंदर बाराशेंवर गुलाम अशा रीतीने मुक्त झाले, असे जुन्या चरित्रात नमूद आहे. तेथे गेलेल्या फिलिप ल व्हाशे यांना त्यांनी जे लिहून कळविले त्याचे तात्पर्य असे की, तुमचे काम ख्रिस्ती गुलामांत आहे. तुर्कांशी धर्मवादात पडू नका, तेथील कायद्याविरुद्ध जाऊ नका, आणि दुर्बल माणसांच्या उणिवा उतावळेपणाने उपटावयास जाऊ नका.

मात्र व्हिन्सेंट यांना आपण आजच्या अर्थाने धर्मस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते म्हटले तर ते सत्याला धरून होणार नाही. राजाने एकच धर्म राखावा, हा त्या युगाचा सर्वमान्य समज होता आणि तोच त्यांचाही होता. राजमातेच्या धर्मविषयक सल्लागार मंडळात असताना ह्यूगेनोंच्या सवलती वाढू नयेत असेच मत त्यांनी मांडले. त्यांचा हात मृदू होता, पण कायदा मृदू असावा असे त्यांनी म्हटले नाही. इ. स. १६६० च्या सप्टेंबर महिन्याच्या २७ तारखेस, ऐंशीच्या घरात असताना, सेंट लाझार मठात खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी देह ठेवला. इ. स. १७३७ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी त्यांना संतपद दिले.

कायदा मृदू नसला म्हणजे काय होते, हे त्यांच्यामागे पंचवीस वर्षांतच दिसून आले. इ. स. १५९८ च्या नांतच्या फर्मानाने ह्यूगेनोंना जे संरक्षण मिळाले होते, ते चौदाव्या लुईने १६८५ मध्ये रद्द केले. उपासना केली म्हणून, देश सोडून जाण्याचा प्रयत्न केला म्हणून, सुमारे दीड हजार ह्यूगेनो गॅलीवर पाठविण्यात आले. चोरांच्या शेजारी आता श्रद्धेपायी शिक्षा झालेली माणसे साखळीत बसली. मिस्साच्या वेळी टोपी काढण्यास नकार दिला म्हणून त्यांना उघडे करून दोरखंडाने झोडपण्यात आले. आणि सर्वांत खेदाची गोष्ट अशी की, मार्सेय येथे त्या वेळी गॅलींवरील धर्मकार्य व्हिन्सेंट यांच्याच संघाकडे होते. धर्मांतरासाठी चाललेल्या ह्या छळाला त्यांतील काहींनी हातभार लावला, असे ह्यूगेनो बंदिवानांनी लिहून ठेवले आहे. ज्यांच्या गुरूने बेड्यांचे चुंबन घेतले, त्यांचे शिष्य बेड्यांनाच धर्माचे साधन समजू लागले. ह्याच जहाजांवर जां बियों नावाचे एक कॅथोलिक धर्मगुरू होते. फटके खाल्लेल्या ह्यूगेनोंच्या जखमा बांधताना त्या लोकांचा धीर पाहून त्यांचे मन इतके हेलावले की त्यांनी स्वतःच तो पंथ स्वीकारला आणि १७०८ मध्ये लंडनमध्ये ह्या छळाची हकीकत प्रसिद्ध केली. बळाने धर्म जिंकता येत नाही, उलट गमावला जातो, याचे याहून बोलके उदाहरण कोठे शोधावे?

गोमंतकातील वाचकांना हे दुःख परके वाटणार नाही. आपल्याकडेही १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, धर्मन्यायालय होते आणि श्रद्धेसाठी माणसांना बंदिवास भोगावा लागला. ह्या जुन्या चुकांची उजळणी द्वेषासाठी करावयाची नसते. ज्या चुका विसरल्या जातात त्या पुन्हा होतात, म्हणून करावयाची असते.

कॅथोलिक धर्मसंस्थेनेही हा धडा गिरवला, पण त्यास फार काळ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयी घोषणापत्र प्रसिद्ध केले. धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये, कारण हा हक्क माणसाच्या माणूसपणातच रुजलेला आहे, असे त्यात सांगितले आहे. त्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका दस्तऐवजात गुलामगिरी, छळ व मनमानी तुरुंगवास यांना मानवी प्रतिष्ठेवरील कलंक ठरविण्यात आले. त्यापूर्वी, १९५८ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी पोप तेविसावे जॉन रोममधील तुरुंगात कैद्यांना भेटावयास गेले होते. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पवित्र गुरुवारी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा बंदिवानांचे पाय धुतले. त्यांत एक मुसलमान मुलगीही होती. पाय धुण्यापूर्वी तिला धर्म बदलावा लागला नाही. पुढे २०१८ मध्ये त्यांनी धर्मशिक्षणग्रंथात दुरुस्ती करून देहान्तशिक्षा ही माणसाच्या प्रतिष्ठेवरील आघात असल्याने अग्राह्य ठरविली. तळघरात उतरलेल्या व्हिन्सेंट यांच्या पायवाटेचा असा हळूहळू राजमार्ग झाला.

नियतीची थट्टा पाहा. व्हिन्सेंट जेथे राहिले आणि जेथे त्यांनी प्राण सोडला, तो सेंट लाझारचा मठ १३ जुलै १७८९ रोजी, बास्तीय पडण्याच्या आदल्या दिवशी, जमावाने लुटला. आणि पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याच वास्तूचा तुरुंग झाला. एकोणिसाव्या शतकात तो स्त्रियांचा तुरुंग म्हणून प्रसिद्ध होता. बंदिवानांच्या बंधूच्या घरी शेवटी बंदिवानच राहावयास आले!

विद्यार्थिमित्रहो, साखळदंड नेहमी लोखंडाचाच असतो असे नाही. शाळेत ज्याच्या हातून एकदा चूक झाली त्याला आयुष्यभर त्याच नावाने हाक मारणे, हीही एक बेडीच होय. एखाद्याचा देव आपल्या देवाहून निराळा म्हणून त्याच्या पंक्तीला न बसणे, हीही बेडीच. अपराधाला शिक्षा असावी, याविषयी व्हिन्सेंट यांना शंका नव्हती. पण शिक्षा भोगणाऱ्याचे माणूसपण काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही राजाला नाही, हे त्यांनी जगून दाखविले. जे त्यांना दिसले ते त्यांनी केले. जे त्यांच्या युगाला दिसले नाही ते पाहण्याचे आणि करण्याचे काम तुम्हा-आम्हांकडे आले आहे.